आमची वाटचाल: अर्ध्या मिलिमीटरहून पातळ पडदा

पहिली काही वर्षं आम्ही फक्त टाक्या आणि पाइपिंग करत होतो. फॉलिंग फिल्म इव्हॅपोरेटरची, म्हणजे ट्यूबांच्या आतल्या भिंतीवरून द्रवाचा पातळ पडदा उतरवत तो आटवणाऱ्या यंत्राची, पहिली ऑर्डर आली तेव्हा वाटलं, उभ्या ट्यूबा, बाहेरून वाफ, आतून द्रव; यात अवघड ते काय? हायड्रोटेस्ट (पाण्याच्या दाबाखाली गळती तपासणारी चाचणी) पास झाली, मशीन गेलं. तीन आठवड्यांत ग्राहकाचा फोन आला. निम्म्या ट्यूबा करपलेल्या थराने बुजल्या होत्या.

वरचं झाकण काढून साधं पाणी सोडलं आणि टॉर्च मारून एकेक ट्यूब पाहिली. काही ट्यूबांत पाणी चहूबाजूंनी उतरत होतं, काहींत एकाच बाजूने धार आणि बाकी भिंत कोरडी. ट्यूबा निर्दोष होत्या, चूक आमच्या डिस्ट्रिब्युटर प्लेटची, म्हणजे ट्यूबांना द्रव वाटून देणाऱ्या भोकांच्या प्लेटची होती. तिच्यावर द्रव जेमतेम 20 मिमी उभा राहायचा आणि प्लेट 5 मिमी कलली होती. भोकातला प्रवाह वरच्या उंचीच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. म्हणजे एका टोकाला दुसऱ्यापेक्षा सुमारे 13 टक्के जास्त द्रव. आधीच जेमतेम द्रव मिळणाऱ्या ट्यूबा कोरड्या पडायला तेवढी तूट पुरली. दुरुस्ती आमच्या खर्चाने केली.

त्यानंतर मी रात्री बसून जर्मन अभियंता नुसेल्टचा, भिंतीवरून उतरणाऱ्या पातळ पडद्याबद्दलचा 1916 चा सिद्धांत समजून घेतला. प्रवाह पडद्याच्या जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. जाडी दुप्पट हवी तर द्रव आठपट सोडावा लागतो. एक मीटर रुंदीवरून सेकंदाला 90 ग्रॅम पाणी उतरलं तर पडदा जेमतेम 0.3 मिमीचा. त्यावर उठणाऱ्या लाटांची आम्हाला आधी भीती वाटायची. उलट त्या द्रव ढवळतात, उष्णता चांगली पोचते. पडदा इतका पातळ आणि द्रव ट्यूबमधून काही सेकंदांत उतरतो, म्हणूनच दूध, फळांचे रस असे उष्णतेने बिघडणारे द्रव यात आटवता येतात.

खरी जोखीम ट्यूबच्या तळाशी. वाफ होत होत द्रव कमी होतो, पडदा तिथेच आधी फाटतो. आणि एकदा फाटला की तो पुन्हा जोडायला टिकवण्यापेक्षा जास्त प्रवाह लागतो. म्हणून आमच्या प्रत्येक मशीनसोबत ऑपरेटरला एकच सूचना ठळक अक्षरांत जाते: आधी पूर्ण प्रवाहाने ट्यूबा भिजवा, वाफ नंतर सोडा.

आता मशीन शॉपमधून निघण्याआधी प्रत्येक ट्यूबखाली भांडं धरून पाणी मोजतो. दोन दिवस जातात. घाई असलेल्या एका ग्राहकाने ही चाचणी वगळायला सांगितली, तेव्हा ती ऑर्डर आम्ही सोडली.