देवदारची पेटी, आणि आतून पॉलिश करायचं की नाही

साताऱ्यात माझं फर्निचर पॉलिशचं छोटं वर्कशॉप आहे, बहुतेक काम सागवानाचं, पलंग, देव्हारे, जुने झोपाळे. देवदारची पेटी क्वचितच येते. ही आणली एका रिटायर्ड सुभेदार साहेबांनी, आणि पेटी त्यांनी स्वतः बनवलेली! हिमाचलला पोस्टिंग असताना पाडलेल्या घराचे जुने दरवाजे विकत घेऊन ठेवले होते, रिटायर झाल्यावर त्याच फळ्या रंधून मुलीच्या लग्नासाठी पेटी केली, कोपऱ्यांना डोव्हटेल (एकमेकांत अडकणाऱ्या खाचांचे सांधे), खिळा कुठेच नाही. झाकण उघडलं तर माझ्या थिनरच्या वासालाही मागे टाकणारा सुगंध.

सोबत मुलगी होती. ताईंचं म्हणणं ठाम, आतून बाहेरून ग्लॉसी पीयू (पॉलियुरेथेनचं पॉलिश) मारा, शोरूमसारखी चमकली पाहिजे. मी म्हटलं ताई, बाहेरून काय हवं ते बोलू, पण आत मी ब्रश लावणार नाही.

कारण सांगतो. देवदारच्या गाभ्यात तेल असतं, ते हळूहळू उडत राहतं म्हणून वास येतो आणि त्या वासामुळे कपडे खाणारी कसर जरा लांब राहते (जरा म्हणतोय, कपडे स्वच्छ धुऊन वाळवून ठेवले नाहीत तर कुठलंच लाकूड वाचवत नाही). आतून पीयूचा थर दिला की तेल खालीच कोंडलं, मग देवदार घेतला काय आणि प्लायवूड घेतलं काय. शिवाय बंद पेटीत पॉलिशचा वास महिनोन्महिने राहतो आणि तो रेशमात जाऊन बसतो. अळशीचं तेल तर आत अजिबात नको, हवा नसली की खवट वास धरतं.

ताईंनी बरोबर प्रश्न विचारला, मग कोऱ्या लाकडाचं तेल पैठणीला लागणार नाही का? लागू शकतं. म्हणून साडी थेट लाकडावर ठेवायचीच नाही, तळाला धुतलेलं मलमल आणि प्रत्येक साडी मलमलमध्ये गुंडाळून. वास कमी झाला की आतून २२० नंबरचा सँडपेपर हलक्या हाताने फिरवायचा, नवा पृष्ठभाग उघडा पडतो आणि वास परत येतो. आत पॉलिश असतं तर हे करताच आलं नसतं.

आता बाहेरची बाजू. साहेबांकडून मी पेटीचे उरलेले तुकडे आधीच मागवून घेतले होते आणि त्यावर ट्रायल मारून ठेवली होती. एका गाठीच्या तुकड्यावर डायरेक्ट वन-पॅक (हार्डनर न मिसळता लावायचं) पीयू, दुसऱ्यावर आधी लाखेचे हात आणि मग तेच पीयू. ताईंना म्हटलं दोन्हीवर अंगठा दाबा. पहिल्यावर गाठीपाशी चक्क ठसा उमटला, इतके दिवस होऊनही चिकट, कारण खालचं तेल वर येऊन पॉलिश सुकूच देत नाही. दुसरा तुकडा खणखणीत. त्या काही बोलल्या नाहीत, पण साहेब मात्र तो तुकडा हातात घेऊन बराच वेळ उजेडात फिरवत बसले.

मी तर पूर्ण लाखी पॉलिशच सुचवलं होतं, चपडा (लाखेच्या पातळ पापड्या) स्पिरिटमध्ये भिजवून कापडाच्या बोळ्याने घासून. देवदारच्या पिवळसर रंगाला लाखेसारखं काहीच शोभत नाही, माझं पक्कं मत आहे. पण ताई म्हणाल्या पेटी पलंगाच्या पायथ्याशी राहणार, लोक बसणार, चहाचे कप ठेवणार. हा मुद्दा मला मान्यच करावा लागला, गरम कपाने लाखेवर पांढरा गोल उठतो.

शेवटी ठरलं असं, बाहेरून सगळीकडे लाख, आणि फक्त झाकणाच्या वरच्या बाजूला लाखेवर मॅट पीयू. त्या झाकणासाठी लाखेतलं मेण काढावं लागतं, नाहीतर पीयू नीट धरत नाही. भिजवलेला चपडा न हलवता ठेवायचा, मेण तळाला बसतं आणि वरचं नितळ द्रावण तेवढं ओतून घ्यायचं.

साहेबांना घाई होती, दोन दिवसात द्या म्हणत होते. बाहेर पावसाची झड लागलेली, अशा हवेत लाख मारली की दुधाळ होते. मी सरळ सांगितलं, साहेब, ऊन पडल्याशिवाय बोळा हातात घेणार नाही, पेटी राहू दे इथे. ते म्हणाले ठीक आहे, लग्न दिवाळीनंतर आहे.