का बे?

मे महिन्यातली दुपार म्हणजे आमच्याकडे कूलरसमोर आडवं होण्याची वेळ. सुट्टीला आलेली भाची मोबाइलवर कुठलीशी तुर्की मालिका पाहत होती आणि मी डोळे मिटून पडले होते. तेवढ्यात कूलरच्या घरघरीतून स्पष्ट ऐकू आलं, "हादी बे!" मी उठूनच बसले. इस्तंबूलमध्ये हा आमच्या नागपूरच्या इतवारीचा पोट्टा कुठून आला?

भाचीला ती मालिका पाहून पाहून चार शब्द येतात. 'हादी' म्हणजे चल. म्हणजे 'हादी बे' झालं आपलं 'चाल बे'. बरं, नायक कोणाला चल म्हणतच नव्हता. मित्राने थाप मारली होती आणि याला ती पटली नव्हती, एवढंच. आपल्याकडे तरी 'चाल बे!' म्हणणारा कुठे कोणाला घेऊन जात असतो?

नागपूरच्या 'बे'बद्दल नागपूरकराला काय सांगायचं! 1956 पर्यंत हे शहर हिंदी आणि मराठी दोन्ही बोलणाऱ्या प्रांताची राजधानी होतं. त्यामुळे कुठला शब्द कोणाच्या घरून आला याची चौकशी इथे कोणी करत नाही. 'का बे' म्हणजे नमस्कार, 'हौ ना बे' म्हणजे होकार आणि 'काय आहे बे?' एवढं ऐकू आलं की आपली गाडी जरा लांब लावावी. पुण्याच्या एका नव्या सुनेला आमच्याकडचे दोघे सख्खे भाऊ सकाळपासून भांडताहेत असं वाटलं होतं. ते तर्री-पोहे कुठले आणायचे ते ठरवत होते.

या शब्दाला स्वतःचं व्याकरण आहे. तो वाक्याच्या शेवटी येतो, सुरुवातीला यायचं असेल तर 'अ' लावून येतो. आणि अहो-जाहोशी त्याचं बिलकूल जमत नाही. 'बसा बे' म्हणून पाहा, जीभच अडखळते.

आमच्या घरात मुलींना 'बे' म्हणायची बंदी होती. भावांना मोकळीक. एकदा मी अंगणात धाकट्या भावावर 'थांब बे' म्हणून ओरडले, तर स्वयंपाकघरातून आजी लाटण्यासकट बाहेर आली. "कोनाले बे म्हनून रायली वं?" मी म्हटलं, तो पण म्हणतो. "तो पोट्टा आहे," आजी म्हणाली आणि आत गेली. विषय संपला. मुलींसाठी 'वं' होतं, 'माय वं' होतं, त्यावर भागवायचं. पुढे कधीतरी वाचनात आलं की बल्गेरियातही 'बे' आहे, असाच वाक्याच्या शेपटाला, आणि तोही मुळात पुरुषांना हाक मारताना. बायकांसाठी तिकडे वेगळा शब्द आहे, 'मा'. माझी आजी बल्गेरियात अगदी आरामात नांदली असती.

घरात नसला तरी शाळेत 'बे' राजरोस म्हणता यायचा. महाल भागातल्या आमच्या शाळेत रोज शेवटच्या तासाला पाढे. सगळा वर्ग डोलत डोलत, बे एके बे, बे दुणे चार. मागच्या बाकावर एक मुलगा होता, तो पहिल्या ओळीला गुरुजींच्या डोळ्यांत डोळे घालून शेवटचा शब्द लांबवायचा, "बे एके बेऽऽऽ". गुरुजींना कळायचं, आम्हाला कळायचं, आणि गुरुजींना कळलंय हे त्यालाही कळायचं. पण मारणार कशासाठी? पाढा तर बरोबर होता. एक दिवस गुरुजींनी शांतपणे सांगितलं, "उद्यापासून तू तीनपासून सुरू कर." तेव्हापासून तो दोनचा पाढा चालू असताना गप्प उभा राही आणि 'तीन एके तीन'ला सामील होई. त्याचा चेहरा इतका उतरलेला असे की मला गुरुजींचा रागच आला होता.

हा पाढ्यातला 'बे' मात्र चांगल्या घराण्यातला. संस्कृत 'द्वे'चं प्राकृतात 'बे' झालं, गुजराती माणूस आजही दोनला 'बे'च म्हणतो. आपण बाजारात 'दोन' घेतला आणि 'बे' पाढ्यांत ठेवून दिला. आणि बेचाळीसमध्ये. मे महिन्यात पारा बेचाळीसवर उतरला की नागपूरकर शाल शोधतो, तो बेचाळीस.

त्या दुपारी झोप उडाली ती उडालीच. मग शोधत बसले. हंगेरीत 'बे' म्हणजे आत, क्रियापदाला लागतो. स्वीडनमध्ये 'बे' म्हणजे प्रार्थना करणे. कोरियन लोकांकडे जवळजवळ असाच उच्चार असलेल्या एका शब्दात नाशपाती, पोट आणि नाव, म्हणजे होडी, तिन्ही बसतात. मोमिनपुऱ्यातल्या उर्दू पाट्यांवरचा 'बे' मी लहानपणापासून पाहते आहे. एक पसरट होडी आणि तिच्याखाली पाण्यात पडलेला एक ठिपका. कोरियन माणसाला ते अक्षर दाखवलं तर तो वाचता येत नसूनही बरोबर वाचेल, असं मला उगाच वाटून गेलं. तुर्कांनी 1928 साली ही लिपी सोडून रोमन घेतली, पण अक्षरमालेला ते अजून 'आल्फाबे'च म्हणतात. भाचीला हे सगळं सांगायला गेले तर तिने कानात इअरफोन घातले.

राहिला फारसीचा 'बे', नसण्याचा. बेकार, बेवारस, बेलगाम. मराठीने तो इतका आपला केला की घरच्या शब्दांनाही लावला. 'बेचव' घ्या किंवा 'बेभान' घ्या. चव आणि भान काही इराणहून आलेले नाहीत.

माझे वडील महसूल खात्यात होते. गावांच्या यादीत काही नावांपुढे 'बेचिराख' लिहिलेलं असे. आमच्या भागात त्यालाच रिठी म्हणतात. म्हणजे गावाला नाव आहे, शिवार आहे, शेजारच्या गावचे लोक तिथे शेती करतात, पण राहत कोणी नाही. बे-चिराग, जिथे दिवा लागत नाही ते गाव. या शब्दात राख नाही, हे वडील भेटेल त्याला सांगत. पेपरात 'आगीत दुकाने बेचिराख' आलं की लाल पेनाने खूण करून ठेवत, जणू संपादक संध्याकाळी चहाला येणार होता. ती खोड माझ्यातही उतरली आहे. मीही खूण करते. पण जळालेल्या दुकानात रात्री दिवा लागत नाहीच म्हणा. म्हणजे पेपरवाले अगदीच चुकतात असंही नाही.