यादीत नसलेला गेम

मशीन न्यायला दोघं आली तेव्हा मी खुशीत होतो. कॅबिनेटची काच पुसलेली, मागच्या तारा नीट बांधलेल्या आणि पडद्यावर बझाइट चालू. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी खुली सिस्टीम, आणि बझाइट म्हणजे फेडोरा नावाच्या लिनक्सच्या पायावर उभं केलेलं, खास गेमिंगसाठी तयार केलेलं लिनक्स.

कॉम्प्युटर जोडून द्यायचं काम मी बरीच वर्षं करतोय. "लिनक्सच टाका" असं स्वतःहून सांगणारं गिऱ्हाईक क्वचित येतं, आणि गेमिंगचं मशीन घेणाऱ्यांत तर जवळजवळ नाहीच. या मुलीने मात्र फोनवर पहिल्या दोन मिनिटांतच सांगितलं, "दादा, विंडोज नको." मी खुर्चीत सरळ होऊन बसलो.

त्याला कारण आहे. २०१३ साली स्टीम हे गेम विकणारं ऑनलाइन दुकान लिनक्सवर आलं तेव्हा मी उत्साहाने चार ओळखीच्यांच्या मशीनवर लिनक्स चढवलं होतं. त्यातल्या तिघांनी महिन्याभरात ते उतरवायला लावलं. खेळायला गेमच नव्हते, त्यांचं काय चुकलं? २०१५ मध्ये स्टीम मशीन नावाचे डबे आले, तेही त्याच दुखण्याने गेले. मग २०१८ च्या ऑगस्टमध्ये स्टीमवाल्या वाल्व कंपनीने प्रोटॉन आणलं आणि चित्र पालटलं. विंडोजसाठी लिहिलेला गेम ग्राफिक्स कार्डाशी डायरेक्टएक्सच्या भाषेत बोलतो. प्रोटॉन मधोमध बसून तेच बोलणं लिनक्सवर चालणाऱ्या व्हल्कन या भाषेत आणतं, अगदी दुभाष्यासारखं. त्याच्या मुळाशी असलेलं, विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं वाइन तर १९९३ पासून चालू आहे. २०२२ मध्ये स्टीम डेक आला. त्याच्या आत आर्च लिनक्स आहे, पण तो डेक हातात धरून खेळणाऱ्या कित्येकांना आपण लिनक्स वापरतोय याचा पत्ताही नसतो. दहा वर्षं लोकांनी मला हसून घेतलं होतं. आता कोणीतरी आपणहून विचारतंय म्हटल्यावर मी हवेत गेलो, हे कबूल करतो.

तरी काम आंधळेपणाने केलं नव्हतं. मी तिला आधीच म्हटलं होतं, "कुठले गेम खेळता ते सगळे लिहून पाठव." तिने स्टीमची अख्खी लायब्ररी उतरवून पाठवली. एकेचाळीस गेम. एका संध्याकाळी बसून मी एकूण एक प्रोटॉनडीबीवर तपासला. तिथे खेळणारेच आपापल्या मशीनवरचा अनुभव लिहितात, आणि त्यावरून गेमला प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ असे दर्जे मिळतात. जो चालतच नाही तो 'बोर्क्ड'. तिच्या यादीत एकही बोर्क्ड नव्हता. दोन ब्राँझ होते, त्यातला एक प्रोटॉनची जुनी आवृत्ती निवडल्यावर सरळ झाला. एल्डन रिंगला अँटी-चीट, म्हणजे खेळातली लबाडी पकडणारा प्रोग्रॅम, आहे, पण तो गेम लिनक्सवर ऑनलाइनसुद्धा चालतो. स्टारड्यू व्हॅली तर थेट लिनक्ससाठीच मिळतो.

कार्डही त्याच हिशेबाने एएमडीचं घेतलं, कारण त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यातच येतो, वेगळं काही घालावं लागत नाही. मॉनिटर डिस्प्लेपोर्टनेच लावायचा, एचडीएमआयने नाही, हेही बजावून सांगितलं. एचडीएमआय २.१ चा खुला ड्रायव्हर लिहायला २०२४ मध्ये एचडीएमआय फोरमने नकार दिला, त्यामुळे एएमडी आणि लिनक्स या जोडीला त्या केबलवरून वरचे हर्ट्झ (पडदा सेकंदाला किती वेळा बदलतो तो आकडा) मिळवताना अडचण येते. इतका बारीक विचार केला होता मी! आणि बायॉसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, सिक्युअर बूट ही मशीन सुरू होतानाची तपासणी बंद करून टाकली होती. लिनक्स टाकताना त्याची कटकट नको म्हणून माझा हात आपोआप तिकडे जातो.

तर दोघं आली. ती, आणि तिचा सोळा-सतरा वर्षांचा धाकटा भाऊ. तिने दोन गेम उघडून बघितले, आवाज तपासला, खूश झाली. भाऊ मागे हाताची घडी घालून उभा होता. मग तो पुढे झाला, माउस घेतला, मेनू वरपासून खालपर्यंत पाहिला आणि म्हणाला, "काका, व्हॅलोरंट कुठंय?"

(ती दादा म्हणते, हा काका. असो.)

मी तिच्याकडे पाहिलं, तिने माझ्याकडे. "यादीत नव्हता," मी म्हणालो.

"यादीत कसा असेल? तो स्टीमवर नसतोच. फुकट आहे तो, वेगळ्या लाँचरने येतो."

त्याचं शंभर टक्के बरोबर होतं. मी यादी मागवली होती ती खेळांची. तिने पाठवली ती खरेदीची. आणि ती लायब्ररीही तिची एकटीची होती. या मशीनवर दुसरं कोणी बसणार आहे का, हा प्रश्न मी विचारलाच नव्हता. लिनक्स हवंय म्हणाल्याबरोबर माझे कान बंद झाले होते.

"रोज खेळतोस?"

"रोज रात्री. आमची पाच जणांची टीम आहे."

म्हणजे एकेचाळीस गेम एका पारड्यात आणि हा एक दुसऱ्यात. दुसरं पारडं जमिनीला टेकलं होतं.

त्याची ताई हार मानणाऱ्यातली नव्हती. "प्रोटॉनवर चालवता येईल ना?" मी तिला नीट समजावलं. व्हॅलोरंटचं व्हॅनगार्ड हे अँटी-चीट गेमच्या आत बसत नाही, विंडोजच्या कर्नलमध्ये बसतं आणि मशीन चालू होताना बरोबरच चालू होतं. प्रोटॉन भाषांतर करतं ते गेमच्या बोलण्याचं. खाली विंडोजचं कर्नलच नसेल तर व्हॅनगार्डने बसायचं कुठे? शिवाय लिनक्सचं कर्नल कोणीही आपल्या हाताने बदलून बांधू शकतो. आपल्याला ते स्वातंत्र्य वाटतं, अँटी-चीट लिहिणाऱ्याला ते भगदाड दिसतं. त्याची बाजूही अगदीच चूक म्हणता येत नाही.

"व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे लिनक्सच्या आतच खोटा कॉम्प्युटर उभा करून, विंडोज?" भाऊ म्हणाला. पोरगं हुशार.

"तेही ओळखतं ते. आत घेत नाही."

"पण एल्डन रिंगलाही अँटी-चीट आहे, ते कसं चालतं?" ही ताई.

हा प्रश्न मला आवडला, कारण लोकांचा घोळ होतो तो इथेच. एल्डन रिंगचं अँटी-चीट एपिक या गेम कंपनीच्या ताब्यातलं, ईझी अँटी-चीट. लिनक्सवर चालायची सोय त्यात २०२१ पासून आहे, पण ती चालू करायची की नाही हे प्रत्येक गेमवाला आपापलं ठरवतो. गंमत म्हणजे खुद्द एपिकच्या फोर्टनाइटने ती चालू केलेली नाही. आणि चालू असलेलं बंदही होतं. एपेक्स लेजंड्स लिनक्सवर दोनेक वर्षं व्यवस्थित चालत होता, २०२४ च्या ऑक्टोबरअखेर त्याला लिनक्सवर कुलूप लागलं. लीग ऑफ लेजंड्स लोक वाइनवर वर्षानुवर्षं खेळत होते. त्याच साली मे महिन्यात त्यात व्हॅनगार्ड आलं आणि तो रस्ता संपला. एकट्याने खेळायचे गेम असतील तर आज मी डोळे मिटून लिनक्स देईन. पाच अनोळखी लोकांशी स्पर्धा असेल तर आधी त्या एका गेमचं नाव विचारीन. म्हणजे आता विचारतो.

ती गप्प झाली. तो गप्पच होता. शेवटी मीच म्हटलं, बोर्डावर एम.२ चा एक खण रिकामा आहे. दुसरी एसएसडी लावू, तिच्यावर विंडोज टाकू. लायसन्सचा खर्च वाढणार होता, तो तिने कपाळाला आठ्या घालून मान्य केला. माझी चूक म्हणून दिवसभराच्या कामाचं मी काही लावलं नाही.

"मग विंडोज दहाच टाका ना," भाऊ म्हणाला. "माझा मित्र म्हणतो अकरावर सिक्युअर बूट लागतं, दहावर कटकट नाही."

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नव्या कोऱ्या मशीनवर मी ते टाकणार नाही, म्हणालो. पण मित्राचं सिक्युअर बूटबद्दलचं बोलणं खरं होतं. विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि सिक्युअर बूट दोन्ही चालू लागतात. टीपीएम हल्लीच्या बोर्डांत आधीपासूनच चालू असतं. सिक्युअर बूट मी स्वतःच्या हाताने बंद केलं होतं.

आता खरा दिवस सुरू झाला.

लिनक्सची एसएसडी आधी काढून बाजूला ठेवली. दोन डिस्क लागलेल्या असताना विंडोज टाकलं की ते आपला बूटलोडर, म्हणजे सिस्टीम सुरू करून देणारा भाग, कधीकधी दुसऱ्याच्या डिस्कवर नेऊन ठेवतं, आणि पुढे ती डिस्क काढली की विंडोज उघडतच नाही. मग इन्स्टॉलर इंटरनेट मागायला लागला, पण बोर्डाचं वायफाय ओळखेना. हे नेहमीचंच, म्हणून माझ्याकडे नेटवर्कचे ड्रायव्हर भरलेला पेनड्राइव्ह कायम असतो. विंडोज चढलं. मॉनिटर १६५ हर्ट्झचा, पण डिस्प्ले सेटिंगमध्ये आकडा ६०. हाही नेहमीचाच प्रकार. नवा मॉनिटर घेऊन वर्षभर ६० वर खेळलेली माणसं मी पाहिली आहेत.

बायॉसमध्ये जाऊन सिक्युअर बूट 'एनेबल्ड' केलं. परत आलो, विंडोजचं माहिती दाखवणारं एमएसइन्फो३२ उघडलं, तर सिक्युअर बूट स्टेट: ऑफ. भावाने विचारलं, "केलं होतं ना?" केलं होतं. पण बोर्डात कारखान्याच्या चाव्याच भरलेल्या नव्हत्या. दाराला कुलूप बसवलं, चावी बनवलीच नाही, तसं. फॅक्टरी की भरायचा पर्याय दोन मेनू आत दडलेला असतो. तो दाबल्यावर 'ऑन' दिसलं. व्हॅलोरंट उतरवायला लावला, पुन्हा रीस्टार्ट, आणि गेम उघडला. भाऊ पहिल्यांदा हसला.

लिनक्सची डिस्क परत लावली आणि त्यावरून बूट केलं. काळा पडदा, एकच ओळ: बॅड शिम सिग्नेचर.

"माझं गेलं का?" ताई म्हणाली. आवाज बारीक झाला होता.

गेलं नव्हतं. सिक्युअर बूट हा दारावरचा पहारेकरी, ओळखीची सही असलेल्यालाच आत सोडतो. बझाइटचं कर्नल त्यांच्या स्वतःच्या सहीचं असतं, आणि ती सही या पहारेकऱ्याला दाखवायचं काम मी इन्स्टॉल करताना टाळलं होतं. पहारेकरी झोपवून ठेवला की त्या वेळी सगळं सोपं असतं. आता उलटं जायचं: सिक्युअर बूट बंद, लिनक्समध्ये शिरून चावी नोंदवायची आज्ञा, रीस्टार्ट. मग एक निळा पडदा येतो आणि दहा सेकंदांत एखादी कळ दाबायची असते. मी नेमका भावाला काहीतरी समजावत होतो. दहाचे शून्य झाले आणि मशीन सरळ पुढे निघून गेलं. पुन्हा तीच आज्ञा, पुन्हा रीस्टार्ट. या वेळी तिघंही श्वास रोखून पडद्याकडे बघत होतो. कळ दाबली. एनरोल. पासवर्ड. टाइप करताना अक्षर उमटत नाही, ठिपकाही नाही, त्यामुळे कळा पडतायत की नाही याचा पत्ता लागत नाही. मी एकेका बोटाने टाइप केला, ताई शेजारून अक्षरं वाचत होती. मग सिक्युअर बूट पुन्हा चालू.

बझाइट उघडलं. विंडोजमध्ये जाऊन पाहिलं, तेही उघडलं. फक्त घड्याळ काही तास चुकलं होतं. बोर्डावरच्या घड्याळातली वेळ विंडोज स्थानिक समजतं आणि लिनक्स जागतिक, म्हणून दोघं आळीपाळीने एकमेकांचं घड्याळ बिघडवत बसतात. लिनक्सला एका आज्ञेने समजावलं.

ताईचा एक प्रश्न उरला होता. गेमची डिस्क एकच ठेवून दोन्हीकडून खेळता येणार नाही का? जागा वाचेल. मी नको म्हटलं. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी विंडोजसारखा एक खोटा ड्राइव्ह मांडतं, त्यात 'सी:' असं विसर्गासारख्या दोन टिंबांचं नाव असतं. विंडोजच्या फाइल पद्धतीत ते चिन्ह नावात चालत नाही. आज चालल्यासारखं वाटतं आणि एखाद्या दिवशी गेम उघडत नाही. तुझी डिस्क तुझी, त्याची त्याची.

"मग बटण दाबल्यावर आधी कुठलं उघडणार?" भाऊ म्हणाला.

"लिनक्स," ताई.

"रात्री मी बसतो, आणि टीम थांबलेली असते."

"मशीन माझ्या पैशांचं आहे."

मी बायॉसचा क्रम तसाच ठेवला आणि चालू होताना कुठली कळ दाबली की यादी येते ते दोघांनाही दाखवलं. भावाने तीनदा करून बघितलं. चौथ्यांदा मशीन चालू केलं तेव्हा ताईने त्याच्या हाताखालून कीबोर्ड ओढून घेतला.