पांढरी गाडी

दुपारी घरातले झोपल्यावर मी पिठाच्या चाळणीतून वाळू चाळत होतो. (माझी वेगळी चाळणी आहे. सापडली नाही.) प्लास्टिकच्या छोट्या रणगाड्यासाठी १/३५ मापातलं, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याएवढं, वाळवंट करताना खरी वाळू चालत नाही. अर्ध्या मिलिमीटरचा कण पस्तीसपट केला की खडी होते, आणि रणगाडा वाळवंटात नाही, रस्त्याच्या कामावर आल्यासारखा दिसतो. शेवटी टाइल्सच्या फटीत भरतात ती पूड आणली.

देखावा आहे कुवेतमधल्या मुतला टेकडीजवळचा, हायवे ८०, फेब्रुवारी १९९१ची अखेर. इराकी फौज बसऱ्याकडे पळत होती आणि अमेरिकी विमानांनी तो तांडा रस्त्यावरच भाजून काढला. त्यात रणगाडे थोडे. मोटारी, ट्रक, बसच जास्त, कितीतरी कुवेतमधून लुटलेल्या. शिवाय सहाशेहून जास्त तेलविहिरी पेटलेल्या. म्हणून किटच्या कागदावरच्या पिवळ्या रंगाकडे मी बघतही नाही. काजळी हवी.

मोटारींचा नाद तसा जुनाच. दिवाळीच्या किल्ल्यावर अळीव उगवून आले, की मी घाटरस्त्यावर हळूच एक खेळण्यातली मोटार सोडायचो. दादा ती उचलून माझ्या हातात द्यायचा. "महाराजांच्या वेळी मोटार होती का रे?" बुरुजाएवढा मावळा मात्र त्याला चालायचा.

समोरच्या बिल्डिंगमधले काका चहाला आले. ते कुवेतमध्ये नोकरीला होते. ऑगस्ट १९९०मध्ये इराक घुसल्यावर बगदादमार्गे अम्मान गाठून, एअर इंडियाच्या विमानाने मुंबईत उतरलेल्या लाखाहून अधिक भारतीयांतले ते एक. एरवी त्यावर बोलत नाहीत. चश्मा कपाळावर चढवून त्यांनी सगळं जवळून पाहिलं. रणगाड्याकडे नजरही गेली नाही.

"ही कुणाची?" त्यांनी एका गाडीवर बोट ठेवलं.

"कुणाची अशी नाही, काका. उरलेला पांढरा रंग मारला."

"माझी पांढरीच होती. किल्ली घरमालकाकडे ठेवून निघालो. म्हटलं, येऊच पंधरा दिवसांत." चहा निवला होता, तोच प्यायले. दारात चपला घालताना म्हणाले, "डाव्या बाजूला, मागच्या दाराला पोचा होता."

संध्याकाळी मेणबत्ती लावून चिमटा तापवला. दार अजून चिकटवलेलं नाही.