नवतप्यातलं आभाळ

इंदूरच्या उन्हाळ्यात जलरंगात मोठं आभाळ रंगवायचं तर कूलर हवाच. माणसाला कमी, कागदाला जास्त. लोकमान्य नगरातल्या आमच्या घराची वरची खोली हा माझा स्टुडिओ. पश्चिमेच्या खिडकीत कूलर आहे. त्याच्या झडपा भिंतीकडे वळवून ठेवते, म्हणजे वारा थेट बोर्डावर येत नाही, पण हवेत ओल राहते. नाहीतर मे महिन्यात ब्रश कागदाच्या या टोकापासून त्या टोकाला पोचेपर्यंत मागचं वाळायला लागलेलं असतं.

एरवी मी पहाटे बसते आणि ऊन चढायच्या आत रंग आवरते. दुपारी रेखाटनं, ब्रश धुणं, पार्सलं बांधणं. नवतप्यात, म्हणजे मे अखेरीच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, हा क्रम एकदा मोडला. एका ताईंना नव्या घरासाठी कृष्णपुरा छत्र्यांचं, म्हणजे इथल्या होळकरांच्या स्मारकांचं, चित्र हवं होतं, २२ बाय ३० इंची पूर्ण शीट, वर भरून आलेलं आभाळ. त्यांच्या वडिलांना चित्र होताना बघायचं होतं. काकांनी मिलच्या साचाखात्यात, म्हणजे मागांवर, उमेदीची वर्षं काढलेली. मिल बंद पडून जमाना झाला. पूजा, पोहे, पेपर आटोपून ते आले तेव्हा अकरा वाजत आले होते. भिजवून ताणलेला कागद तयार होता. बसा म्हटलं.

ते गप्प बसतील असं वाटलं होतं. छे! "कोरा कागद एवढा भिजवला तरी फाटत नाही?" मी सांगितलं, सुती कागद आहे, वर जिलेटिनचा थर असतो, म्हणून रंग एकदम आत शोषला जात नाही. काकांनी कोपरा बोटांनी चाचपला. "म्हणजे खळ दिलीय. आम्ही ताण्याच्या उभ्या धाग्यांना द्यायचो तशी."

खरंच तशीच. इंदुरात जलरंगाबद्दल बोलायचं म्हणजे लोक लगेच मोठी नावं काढतात. देवळालीकर मास्तरांनी १९२७ साली इथे चित्रशाळा काढली, बेंद्रे आणि हुसेन त्यांच्या हाताखालून गेले, हे मलाही पाठ आहे. पण कागदाला हात लावून खळ ओळखणारं गिऱ्हाईक मला पहिल्यांदाच भेटत होतं.

आभाळ सुरू केलं. रुंद ब्रशने पाणी फिरवलं, साचलेल्या पाण्याची चकाकी जाऊन कागदावर नुसती मंद झाक उरेपर्यंत थांबले, मग वरून कोबाल्ट निळा सोडला. ढगांचा करडा रंग मी अल्ट्रामरीन निळा आणि तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना मिसळून करते. ओल्या कागदावर अल्ट्रामरीनचे कण खाचांत बसतात आणि ढगाला आपोआप पोत येतो. डावीकडचा ढग उतरला आणि लाइट गेली.

कूलर थांबला. आता पंचाईत अशी की ढग अर्धे झाले होते आणि उजवीकडची झाक डोळ्यांदेखत मरत होती. अशा वेळी स्प्रेने पाणी मारावंसं वाटतं, पण अर्धवट वाळलेल्या रंगावर थेंब पडला की तो रंगाला ढकलत बाहेर पसरतो आणि कातरलेल्या कडेचा डाग पडतो. तो पुसून जात नाही.

"ताई, जुनी चादर आहे का?" काका उठलेच होते. "कागदाला पाणी देऊ नका, हवेला द्या. खात्यात हवा सुकली की धागे पटापट तुटायचे. छताखाली पाण्याचे फवारे असायचे, दिवसभर नुसतं धुकं." दोन चादरी कूलरच्या टाकीत बुचकळून त्यांनी पश्चिमेच्या खिडकीवर आणि दारावर टांगल्या, फरशीवर बादली ओतली. माझ्या चटया भिजल्या. आईने पाहिलं असतं तर दोघांनाही बोलणी बसली असती. झळा चादरींतून येताना गार होऊ लागल्या आणि कागदाचं वाळणं मंदावलं. फार नाही, पण उजवीकडचा ढग मऊ कडेने उतरवण्याइतकं. क्षितिजाजवळ एक कड मात्र करकरीत वाळली. ती तशीच ठेवली. पावसाआधीच्या आभाळात अशी रेघ असतेच.

छत्र्या दुसऱ्या दिवशी कोरड्यावर केल्या, त्यात सांगण्यासारखं काही नाही. तेव्हापासून वाळ्याचा पडदा घेऊन ठेवला आहे आणि भिंतीवर आर्द्रतेचं छोटं यंत्र लावलं आहे. जुलैत ते उलट कारणासाठी बघावं लागतं, तेव्हा दमटपणाने कागदाला बुरशी धरते.

चित्र न्यायला ताई आल्या तेव्हा काकाही होते. पैसे मोजताना ते मुलीला म्हणाले, "माझी अर्ध्या पाळीची हजेरी कापून दे." ताईंना काही कळेना. मी पन्नास रुपये परत केले, तर म्हणे, "एवढीच? आमच्या खात्याचे मास्तर यापेक्षा जास्त लावायचे."