४/१०२ : एका चारिझार्डचे किती अवतार

माझ्या पोकेमॉन कार्डांच्या बाइंडरच्या पहिल्या पानावर चार चारिझार्ड आहेत, चारिझार्ड म्हणजे ड्रॅगनसारखा एक पोकेमॉन, आणि बघणाऱ्याला चारही सारखेच दिसतात, तेच केशरी अंग, तेच पसरलेले पंख, तोंडातून आग, आणि मग ठरलेला प्रश्न येतो की अरे एकच कार्ड चारदा कशाला घेतलंस. एकच नाहीये ना पण! चित्र एकच आहे, मिट्सुहिरो अरिताने काढलेलं, कार्ड मात्र चार आहेत. आज त्याबद्दलच लिहायचंय, कारण मी स्वतः कितीतरी वर्षं फक्त त्या ड्रॅगनकडेच बघत राहिलो आणि चौकटीकडे, खालच्या बारीक अक्षरांकडे बघायचं असतं हे मला फार उशिरा कळलं.

सुरुवात जपानमधून. पोकेमॉनची पहिली कार्डं तिथे ऑक्टोबर १९९६ मध्ये आली. जपानी बेस सेटच्या, म्हणजे पहिल्या मूळ संचाच्या, कार्डांवर खाली उजव्या कोपऱ्यात दुर्मिळतेचं चिन्ह असतं, रेअर कार्ड असेल तर चांदणी. पण अगदी पहिल्या छपाईत ते चिन्हच नव्हतं, ते पुढच्या छपायांमध्ये आलं. म्हणून कलेक्टर लोक त्या पहिल्या कार्डांना 'नो रॅरिटी' म्हणतात. म्हणजे बघा, कोपऱ्यात एक चांदणी नाही म्हणून कार्डाची ओळखच बदलते. मला ही गोष्ट अजूनही भारी वाटते.

मग जानेवारी १९९९ मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्ट या अमेरिकन कंपनीने इंग्रजी बेस सेट काढला, १०२ कार्डं, त्यातली पहिली १६ होलो, म्हणजे चमकणाऱ्या चित्राची, आणि चारिझार्डचा नंबर ४, म्हणून ४/१०२. खेळ म्हणून बघितलं तर १२० एचपी, म्हणजे जीवशक्तीचे गुण, आणि फायर स्पिन या हल्ल्याचं १०० डॅमेज, त्या काळी हे आकडे बघूनच पोरं वेडी झाली होती. खरं तर डेकमध्ये, म्हणजे खेळायच्या गड्डीत, तो तितकासा सोयीचा नव्हता, आधी चारमँडर, त्याचा चारमिलियन आणि मग त्याचा हा, हल्ल्याला इंधनासारखी चार एनर्जी कार्डं लागायची आणि प्रत्येक फायर स्पिनला दोन एनर्जी कार्डं टाकून द्यायची. ब्लास्टॉइज या दुसऱ्या पोकेमॉनच्या रेन डान्स या क्षमतेवरचे डेक जास्त चालायचे. पण प्रेम काय असं हिशोब बघून बसतं का, सगळ्यांना चारिझार्डच हवा होता.

आता या इंग्रजी बेस सेटच्याच छपाया नीट समजून घ्या, खरी मजा इथेच आहे. सर्वात आधीच्या कार्डांवर चित्राच्या खाली डाव्या बाजूला फर्स्ट एडिशनचा छोटा काळा शिक्का. त्यानंतर शिक्का गेला पण चौकट तीच राहिली, ती 'शॅडोलेस'. शॅडोलेस म्हणजे चित्राच्या चौकटीच्या उजव्या कडेला जी करडी सावली असते ती या कार्डांवर नाही. बेस सेटचा फर्स्ट एडिशन चारिझार्डसुद्धा शॅडोलेसच असतो, त्यामुळे कुणी सावली असलेल्या चारिझार्डला फर्स्ट एडिशन म्हणत असेल तर तिथेच थांबा. मग डिझाइन बदललं, सावली आली, एचपीचा आकडा जाड झाला, आणि ते झालं 'अनलिमिटेड', सगळ्यात जास्त सापडणारं.

सावलीत गोंधळ वाटला तर खालची कॉपीराइटची ओळ वाचा. शॅडोलेसवर सालं ९५, ९६, ९८, ९९ अशी येतात आणि मग पुन्हा विझार्ड्सच्या नावाजवळ १९९९. म्हणजे ९९ दोनदा. अनलिमिटेडवर पहिलं ९९ गळलेलं असतं. आणि अजून एक छपाई आहे जी लोक विसरतात, इंग्लंडसाठी काढलेली चौथी, तिच्यावर ओळीच्या शेवटी १९९९-२००० असतं.

ही ओळ मी शिकलो ती फसल्यावर. एकाने ऑनलाइन शॅडोलेस म्हणून कार्ड विकलं, फोटो अंधारात काढलेला, मी उतावीळपणे पैसे पाठवले, पाकीट उघडलं तर चौकटीला व्यवस्थित सावली. तो माणूस नंतर उत्तरच देईना. रात्रभर झोप नाही, पैशापेक्षा त्या वाट बघण्याचं वाईट वाटलं. कार्ड मी बाइंडरमध्ये सगळ्यात मागे टाकून दिलं आणि काही महिन्यांनी, ही सालांची भानगड वाचल्यावर, भिंग घेऊन सगळी कार्डं काढून बसलो तर त्याच कार्डावर खाली १९९९-२०००! शॅडोलेस नव्हतंच, पण साधं अनलिमिटेडही नव्हतं. आज ते पहिल्या पानावर आहे.

त्या पानावरचे बाकीचे तीन म्हणजे नंतरचे रिप्रिंट. २००० चा बेस सेट २, नंबर ४/१३०, याला लोक नाकं मुरडतात पण मला आवडतो. मग २००२ चं लेजेंडरी कलेक्शन, ३/११०, माझ्याकडे त्याचा साधा होलो आहे. आणि २०२१ चं सेलिब्रेशन्स, पंचविसाव्या वर्षाचं, त्यात जुना ४/१०२ नंबर तसाच ठेवलाय आणि २५ चा छोटा लोगो टाकलाय. याशिवाय २००८ च्या स्टॉर्मफ्रंटमध्येही हाच चारिझार्ड होता आणि त्याचा नंबर १०३/१००, सेटच्या संख्येच्या बाहेरचा, म्हणजे सीक्रेट रेअर. तो अजून माझ्याकडे नाही.

किमतीबद्दल जास्त लिहीत नाही, २०२२ मध्ये पीएसए १० ग्रेडचा (पीएसए ही कार्डं तपासून दर्जा देणारी कंपनी, १० हा सगळ्यात वरचा दर्जा) फर्स्ट एडिशन चारिझार्ड ४,२०,००० डॉलरला विकला गेला एवढं सांगितलं की पुरे. तो माझ्या हातात कधी येणार नाही आणि त्याचं मला दुःख नाही. पण कुणी शिक्का असलेला चारिझार्ड स्वस्तात देत असेल तर फार जपून, कारण खऱ्या शॅडोलेसवर खोटा शिक्का मारायचे प्रकार होतात, आणि तिथे सावली आणि ओळ दोन्ही बरोबर येतात, फक्त शिक्काच खोटा. अशा वेळी खात्रीच्या शिक्क्याशेजारी ठेवून शाईची कड बघायची, नाहीतर सरळ ग्रेड झालेलंच कार्ड घ्यायचं.

मला मनापासून हवं असलेलं कार्ड वेगळंच आहे, लेजेंडरी कलेक्शनचा रिव्हर्स होलो. इंग्रजीत रिव्हर्स होलो आले तेच या सेटपासून, यात चित्र सोडून बाकी सगळं कार्ड चमकतं आणि चमक पण कशी, फटाके फुटल्यासारखी, चारी बाजूंनी ठिणग्या. नंतरच्या कुठल्याच सेटचे रिव्हर्स होलो मला इतके आवडले नाहीत. एकदाच बघितलाय प्रत्यक्ष, एका कलेक्टरच्या टॉपलोडरमध्ये, म्हणजे कडक प्लास्टिकच्या कव्हरमध्ये, त्याने खिडकीजवळ नेऊन हळूहळू तिरका करून दाखवला. मी हात पुढे केला नाही, नुसता बघत राहिलो, मग त्यानेच म्हटलं घे की, आणि मी सगळ्यात आधी खालची ओळ वाचली.