लाल टोपणाची सिरिंज

आज सकाळच्या पाळीत, सोलापुरातल्या आमच्या वॉर्डात, नव्याने रुजू झालेल्या सिस्टरने १ मिलिलिटरमध्ये १०० युनिट असलेले इन्सुलिन १ मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेल्या इन्सुलिनसाठीच्या, लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरले होते. ते तसेच टोचले गेले असते, तर रुग्णाला २० ऐवजी ५० युनिट मिळाले असते. टोचण्याआधी तिने स्वतःहून मला हाक मारली, "मॅडम, एकदा बघता का?" या विचारण्याचे मोल मला फार वाटते. सर्वांदेखत रागावले असते, तर पुढच्या वेळी तिने विचारलेच नसते. पाळी संपल्यावर ४० आणि १०० युनिटच्या इन्सुलिनसाठीच्या दोन्ही सिरिंज शेजारी ठेवून मी तिच्याकडूनच हिशेब करवून घेतला. मात्र दोन्ही प्रकार एकाच ट्रेमध्ये ठेवण्याची व्यवस्था माझी होती, आणि ती चूक मी तिच्यासमोर मान्य केली. उद्यापासून ट्रे वेगळे असतील.